सागवानी बॅडमिंटन फ्लोअर: दुरुस्त करावे की नवीन बसवावे?

क्लबचे सचिव, परभणी
नमस्कार. आमच्या हॉलमध्ये बॅडमिंटनची दोन कोर्ट असून २००७ साली तेथे २२ मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळ्या बसविल्या होत्या. आजवर दोनदा सँडिंग (यंत्राने घासणे) झाले आहे. आता सर्व्हिस लाइनपाशी पॉलिश उडून लाकूड काळे पडले आहे, फळ्यांमध्ये पोस्टकार्ड शिरेल एवढ्या फटी आहेत आणि पूर्वेच्या दारालगत पाय टाकला की फळी दबून पोकळ आवाज येतो. एका ठेकेदाराने पाच मिनिटे चकरा मारून सगळे उखडण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याच्या मते एकदा घासून पॉलिश मारले की दहा वर्षे पाहायला नको. फळी मात्र दोघांपैकी एकानेही उचलून पाहिली नाही. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

फ्लोअरिंग मिस्त्री, छत्रपती संभाजीनगर
सचिव साहेब, वरचा रंग पाहून हा निर्णय होत नाही. दाराच्या उंबरठ्याची पट्टी काढा, फळीचे टोक दिसेल. तेथे खाचेच्या (फळीच्या कडेची चीर, जिच्यात शेजारची फळी अडकते) वरच्या कडेपासून फळीच्या पृष्ठभागापर्यंत किती लाकूड उरले आहे ते मोजपट्टीने मोजा. २२ मिलिमीटरच्या नव्या फळीत हे अंतर साधारण ७-८ मिलिमीटर असते आणि प्रत्येक पूर्ण सँडिंगमध्ये अर्धा ते एक मिलिमीटर जाते. २-३ मिलिमीटरच उरले असेल किंवा खिळ्यांची डोकी दिसू लागली असतील, तर घासण्याचा विचार सोडून द्यावा.

फटींची घाई करू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड आकसते आणि श्रावणात फुगते. उन्हाळ्यात फटीत लांबी (पुट्टी) भरली, तर पावसाळ्यात फळ्यांना फुगायला जागा उरत नाही व त्या उचलल्या जातात. दाराजवळ कूलर असतो का? फळ्यांच्या कडा वर आल्या असतील, तर खालून ओल आहे. ती वाळण्याआधी घासल्यास कडांचे लाकूड जाते आणि पुढे फळी सुकली की मधोमध फुगीर दिसते. अशी कामे निस्तरण्यातच माझे अर्धे वर्ष जाते.

बॅडमिंटन प्रशिक्षक, लातूर
सर, मिस्त्रींचे म्हणणे रास्त आहे, परंतु फळी शाबूत आहे एवढ्यावरून फ्लोअर खेळण्याजोगे ठरत नाही. फळ्यांखालच्या रीपा (आधाराच्या लाकडी पट्ट्या) थेट काँक्रीटवर आहेत की मध्ये रबराचे पॅड आहेत, हे अवश्य पाहा. ईएन १४९०४ या युरोपीय मानकानुसार क्रीडा फ्लोअरने आघाताचा किमान २५ टक्के भाग शोषला पाहिजे. तो शोषला गेला नाही, तर मुलांचे गुडघे आणि टाचा बोलू लागतात. वरून पीव्हीसी मॅट अंथरून पोकळ भाग झाकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण स्मॅशनंतर पाय नेमका तेथेच पडतो.

क्लबचे सचिव, परभणी
मिस्त्री साहेब, काल पट्टी काढली. खाचेच्या वर ५ मिलिमीटर लाकूड आहे. दारालगतच्या चार फळ्या काढल्यावर दोन रीपा वाळवीने पोखरलेल्या निघाल्या. एक तर स्क्रूड्रायव्हर टेकवताच भुसा होऊन खाली आली. भिंतीवर मातीच्या नळ्या आहेत आणि कूलर उन्हाळाभर नेमका त्याच दाराशी असतो. बाकीच्या रीपा कोरड्या असून खाली रबराचे पॅडही आहेत. कडा वर आलेल्या नाहीत.

फ्लोअरिंग मिस्त्री, छत्रपती संभाजीनगर
मग संपूर्ण फ्लोअर बदलण्याचे कारण नाही. आधी वाळवीची प्रक्रिया करून घ्या व कूलर बाहेरच्या खिडकीत हलवा. नंतर दारालगतच्या पट्ट्यातील रीपा आणि खराब फळ्या बदला, आणि शेवटी सगळ्या कोर्टांचे एकत्र सँडिंग करून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग व नव्या लाइन मारा. नव्या फळ्या किनवटच्या सागवानाच्या मिळाल्या तर उत्तमच, परंतु आल्या आल्या ठोकू नका. गठ्ठे सोडून दोन आठवडे हॉलमध्येच ठेवा, म्हणजे लाकूड तिथल्या हवेशी जुळते. भिंतीलगत स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या पट्टीखाली) फुगण्यापुरती फट सोडली आहे की नाही, हे ठेकेदार पट्टी ठोकण्यापूर्वी स्वतः पाहून घ्या.