‘जोडलेली माणसे’ की ‘गोतावळा’? : विज्ञानकादंबरीच्या अनुवादात अडलेला एक शब्द

पऱ्हाटी (हिंगणघाट तालुका) : मी एका इंग्रजी विज्ञानकादंबरीचा अनुवाद करीत आहे. तीत एका मालवाहू अंतराळयानावर चार माणसे आणि दोन रोबो वर्षानुवर्षे एकत्र राहतात. त्यांच्यात रक्ताचे नाते नाही, लग्नाचेही नाही. तळावरचा अधिकारी विचारतो, ‘ही सगळी तुझी कोण?’ त्यावर जुना रोबो एकाच शब्दात उत्तर देतो आणि त्या शब्दापाशी मी आठवडाभर अडून बसलो आहे. ‘कुटुंब’ लिहावे, तर माझे आजोबा तो शब्द केवळ आजीसाठी वापरीत. ‘मानलेले कुटुंब’ लिहावे, तर उत्तरातला ठामपणा जातो, कारण ‘मानलेला भाऊ’ म्हणताना ‘सख्खा नव्हे’ हेच आपण आधी सांगून टाकतो. मला ‘जोडलेली माणसे’ जवळचे वाटते. आपल्याकडे माणसे जोडतात आणि यंत्रेही.

ताम्रपट : ही कोटी मूळ लेखकाने केलेली नाही, तेव्हा ती अनुवादकाने करू नये. ‘मानसपुत्र’, ‘मानसकन्या’ हे शब्द रूढ आहेत. त्याच धर्तीवर ‘मानसकुटुंब’ सहज होते. शिवाय ‘यंत्रमानव’ हा घडीव शब्द असताना ‘रोबो’ कशासाठी?

निवृत्त मास्तर (आर्वी) : ताम्रपटजी, लेखकाच्या मनातून जन्मलेल्या पात्रालाही आपण मानसपुत्रच म्हणतो. ‘मानसकुटुंब’ वाचणाऱ्याला वाटेल की बिचाऱ्या रोबोने ही माणसे कल्पनेतच रचली. ‘यंत्रमानव’ तर येथे मुळीच चालणार नाही, कारण तो मानव आहे की नाही हा कादंबरीचा प्रश्न आणि त्याचे उत्तर आपण नावातच देऊन बसतो. ‘रोबो’ ज्याचे लघुरूप आहे तो ‘रोबॉट’ कारेल चापेक यांच्या 1920च्या नाटकातून जगभर गेला आणि त्यामागच्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ. वेठीला धरलेला जीव ‘ही माझी’ म्हणतो, यातच सारे आले. माझे मत ‘गोतावळा’ला आहे. गोत म्हणजे गोत्र, आणि गोत्र म्हणजे मुळात गाईंचा गोठा. एका गोठ्यात बांधलेले ते एका गोताचे.

काळी कसदार : मास्तर, ‘गोतावळा’ म्हटले की आनंद यादवांची 1971ची कादंबरी आठवणारच, आणि तिथे ट्रॅक्टर येतो तो नारबाचा जनावरांचा गोतावळा मोडायला. त्याच शब्दाने यंत्राला घरात घ्यायचे असेल, तर वाचक थबकेल. मला वाटते त्याने थबकावेच. मात्र वेठीचा विषय निघाला म्हणून एक सांगते. आमच्याकडे पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरत असे. आमचा सालदार सतरा वर्षे टिकला आणि वडील पाहुण्यांना नेहमी सांगत, ‘हा आमच्या घरचाच आहे.’ त्याचे ताट मात्र ओसरीवर वेगळे ठेवलेले असे. ‘घरचाच’ हा मालकाचा शब्द आहे. सालदाराच्या तोंडून तो मी कधी ऐकला नाही. म्हणून पऱ्हाटीभाऊ, कोणीतरी ‘घरचा माणूस’ सुचवील, तो मात्र घेऊ नका. तुमच्या कादंबरीत शब्द रोबो उच्चारतो.

ताम्रपट : ‘सोयरे’ का नको? तुकोबांनी वृक्षवल्लींना सोयरे म्हटले. रोबोने काय घोडे मारले आहे? माझ्या मते तो ‘सोदर’वरून आला, म्हणजे एका उदरातून जन्मलेला.

निवृत्त मास्तर : व्युत्पत्ती खरी धरली, तरी आमच्या गावात सोयरे म्हणजे लेक दिली-घेतली ते लोक, आणि भाऊ म्हणजे सोयरा नव्हेच. अधिकाऱ्याला वाटेल की यानावर लग्न लागले आहे.

काळी कसदार : आपण सारे नाम शोधत आहोत, पण आमच्याकडे हे नाते क्रियापदाने लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या कानाशी म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ वर्षभर वेठ करणाऱ्याला त्या दिवशी ‘या’ म्हटले जाते. मला तरी त्या अनेकवचनातच सारे सापडते. तान्ह्या पोळ्याला तर चाकांच्या लाकडी बैलालाही ओवाळतात. रोबोने उत्तरात एवढेच म्हणावे : ‘यांच्याकडे मला आवतन असते.’

पऱ्हाटी : ताई, वाक्य सुंदर आहे, पण मूळ उत्तर एका शब्दाचे आहे आणि अधिकाऱ्याच्या तक्त्यात रकानाही एवढासाच आहे. दुसरी अडचण याहून वाईट निघाली. मूळ भाषेत रोबोला लिंग नाही. मी सवयीने ‘तो म्हणाला’ लिहीत गेलो. आता ‘ते म्हणाले’ करावे, तर आदरार्थी वाटते.

निवृत्त मास्तर : एकवचनी नपुंसकलिंग घ्या : ‘ते म्हणाले’ नव्हे, ‘ते म्हणालं’. ‘लेकरू म्हणालं’ हे आपण रोज बोलतो आणि त्यात तुच्छता नसते, मायाच असते.

ताम्रपट : ‘म्हणालं’ हे बोलीतले रूप आहे, ग्रांथिक कथनात ते शोभणार नाही. आणि काळीताई, तो विधी ‘खांदमळणी’ आहे, ‘खांदशेकणी’ नव्हे. खांद्याला तूप-हळद मळतात.

काळी कसदार : मळतात तुमच्याकडे. आमच्याकडे पळसाच्या पानांनी शेकतात, आणि मी स्वतः पाने तोडून आणली आहेत.