मुंबईत दोन दिवस: ब्रून, मावा केक, फिल्टर कॉफी. कुठे आणि किती वाजता?

गोदाकाठ:
रविवार-सोमवार असे दोन दिवस मुंबईत आहे, मुक्काम दादरला. मॉलमधले कॅफे नकोत, ते नाशकातही आहेत. इराण्याकडचा ब्रून मस्का, मावा केक, माटुंग्याची फिल्टर कॉफी आणि रात्री काहीतरी थंड किंवा दुधाचं, एवढंच डोक्यात आहे. सोबत आई आहे, ती अंडं खात नाही. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने परत निघायचं आहे.

तीन गोष्टी सांगा. कुठे किती वाजता पोचावं? घरी न्यायला काय टिकेल? आणि कॉफी पावडर घेताना दुकानात नेमकं काय सांगायचं? घरी स्टीलचा फिल्टर आहे, पण डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) कधी दोन मिनिटांत भसाभस खाली येतं, तर कधी तासाभरात चमचाभरही पडत नाही.

कडकपाव:
माटुंगा रविवारी, धोबी तलाव सोमवारी. उलट करू नका, कारण कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं.

दादरहून मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने पुढचंच स्टेशन माटुंगा, तिथे पूर्वेला उतरा. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड हे वेगळं स्टेशन आहे. नवखे लोक हमखास तिथे उतरतात आणि रुळांच्या भलत्याच बाजूला अडकतात. रविवारी कॅफे मद्रासला (१९४० सालचं, किंग्ज सर्कलजवळ) साडेसातच्या आत पोचा. नऊनंतर फुटपाथवर नाव लिहून उभं राहावं लागतं आणि आईंना ते झेपणार नाही. तिथे गोड म्हणून शिरा घ्या. स्टेशनसमोरच्या राम आश्रयमध्येही शिरा उत्तम असतो, अननसाचा मिळाला तर सोडू नका. दोन्हीकडे अंड्याचा प्रश्नच नाही.

सोमवारी सकाळी धोबी तलावसाठी मरीन लाइन्स स्टेशनला उतरा. पूर्वेला बाहेर पडून मेट्रो सिनेमाच्या दिशेने सात-आठ मिनिटं चाला, समोर जेर महालमध्ये कयानी अँड कंपनी, १९०४ पासूनची. (श्रूजबेरीवाली पुण्याची कयानी बेकरी वेगळी, तेव्हा इथे श्रूजबेरी मागू नका.) तिथून जवळच ससानियन, १९१३ ची. दादरहून साडेसातपूर्वीची लोकल पकडा, पुढे ऑफिसची गर्दी सुरू होते.

आता ब्रून. बन आणि ब्रून यातला फरक आईंना आधी सांगून ठेवा. बन मऊ आणि गोडसर, पिठात दूध-साखर असते, कधी टुटीफ्रुटी किंवा बेदाणे. ब्रूनमध्ये मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, जवळजवळ तेवढंच. बाहेरून कडक कवच, आत पोकळसर. हे कवच मुंबईच्या दमट हवेत पाच-सहा तासच टिकतं, पावसाळ्यात त्याहून कमी. म्हणून ब्रून सकाळीच खायचा. दुपारी दोनला खाल्लेला ब्रून चिवट लागला तर तो दोष बेकरीचा नाही, घड्याळाचा आहे. दातांचा त्रास असेल तर आईंसाठी बन मस्का सांगा. काही ठिकाणी बनला वरून चकाकीसाठी अंड्याचा हात लावतात, तेवढं काउंटरवर विचारा.

चहा सांगताना ‘पानी कम’ म्हणा, म्हणजे दूध जास्त आणि चहा दाट येतो. ब्रूनचा तुकडा त्यात बुडवूनच खातात. कोरडा चावलात तर टाळू सोलून निघेल.

मस्का खरा की नाही हे जिभेवर कळतं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात विरून जातं. मार्जरिन किंवा वनस्पती टाळूला मेणासारखी चिकटून राहते.

डबरा_टंबलर:
पावडरीचं उत्तर देतो, कारण अर्धा त्रास दुकानातच सुरू होतो.

माटुंगा बाजारात मैसूर कन्सर्न्समध्ये बिया दळून मिळतात. तिथे तीन गोष्टी सांगायच्या: कोणती बी, चिकोरी किती, दळण कसं. नवख्याने प्लांटेशन ए आणि पीबेरी (बियांचे दोन प्रकार) अर्धं-अर्धं, चिकोरी २० टक्के, दळण ‘साउथ इंडियन फिल्टरसाठी’ असं सांगावं. ज्यांना काळीकुट्ट, जाड कॉफी आवडते ते चिकोरी ३० टक्क्यांपर्यंत नेतात. त्यापुढे कॉफीची चव मागे पडते आणि जळक्या साखरेसारखी कडसर गोडी उरते. चिकोरी ही मुळी असते, तिच्यात कॅफिन नसतं. ती रंग आणि जाडी देते. शिवाय पाणी धरून ठेवते, म्हणून डिकॉक्शन हळू उतरतं. बिनचिकोरीची पावडर त्याच फिल्टरमध्ये भरभर उतरते ती याच कारणाने.

२०० ग्रॅमच घ्या. दळलेली पावडर घट्ट डब्यातही दोन-तीन आठवड्यांत सुगंध सोडते. अर्धा किलो स्वस्त पडला तरी शेवटचा पाव किलो नुसता रंग देतो.

आता फिल्टर. दोन-तीन छोट्या कपांसाठी २० ग्रॅम पावडर, म्हणजे तीन मोठे चमचे सपाट भरून. वरची दांडीची चकती हलक्या हाताने ठेवा आणि एकदाच दाबा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि १२० मिली पाणी गोल फिरवत ओता. आधी थोडं, पावडर भिजेल इतकंच, मग उरलेलं. पंधरा-वीस मिनिटांत साधारण ८० मिली डिकॉक्शन खाली जमतं. उरलेलं पाणी चोथ्यात राहतं, ते चमच्याने दाबून काढू नका, तुरटपणा तिथेच असतो.

भसाभस उतरलं तर दळण जाडं आहे किंवा पावडर सैल पडली आहे. उतरतच नसेल तर तीन कारणं: दळण पिठासारखं बारीक, चकती जोरात दाबली गेली, किंवा खालच्या भांड्यात हवा कोंडली. वरचं भांडं अर्धा सेंटिमीटर उचलून पुन्हा बसवा. हवा सुटली की थेंब सुरू होतात. तरीही नाही, तर भोकं बुजली आहेत. त्याचं पुढे सांगतो.

दूध फुल क्रीम, एकदाच उकळी आणलेलं. डिकॉक्शन एक भाग, दूध तीन भाग. डिकॉक्शन पुन्हा गरम करायचं नाही, कडू होतं. साखर आधी टंबलरमध्ये, त्यावर डिकॉक्शन, मग कडकडीत दूध, आणि डबऱ्यातून (टंबलरखालच्या खोलगट वाटीतून) टंबलरमध्ये तीन-चार वेळा उंचावरून. फेस दिसायला छान, पण खरं काम साखर विरघळवणं आणि कॉफी पिण्याजोगी निववणं हे आहे.

वांद्र्यात चॅपल रोडला सबको हा कॅफे आहे, २०२० पासून. तिथे कॉफी काळीच प्या. हलकी भाजलेली बी आंबट-फळांच्या अंगाची असते आणि आपल्या पद्धतीने तिप्पट दूध घातलं की ती चव फिकी, आंबूस होते. तिथली पावडर स्टीलच्या फिल्टरसाठी आणू नका.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. मावा केक नाशिकपर्यंत टिकेल का? आणि आईला बिनअंड्याचा मिळेल का, की घरीच करावा?

भट्टीवाला:
मावा केकमध्ये अंडं असतंच. बिनअंड्याचा म्हणून काही ठिकाणी मिळतो, पण तो वेगळा पदार्थ आहे. आईंसाठी खारी किंवा नानकटाई घ्या. दोन्ही सहसा बिनअंड्याच्या असतात आणि घट्ट डब्यात आठवडाभर राहतात.

केक सोमवारी सकाळी घेतलात तर रात्री नाशकात पोचेपर्यंत छान राहील. डिसेंबर-जानेवारीत दुसरा दिवसही निघेल, मे महिन्यात नाही, कारण आत खवा आहे. गरम असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेऊ नका. वाफेने कागद ओला होतो, केकचा तळ चिकट होतो आणि बुरशीही तिथूनच धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात एकाच थरात, झाकण फटीएवढं उघडं ठेवून न्या. खारी सामानाच्या बॅगेत नको, हातात. तिच्या पदरांना वजन सोसत नाही.

उरलेला ब्रून फ्रीजमध्ये ठेवू नका. पाव शिळा होतो तो मुख्यतः सुकल्यामुळे नव्हे, तर शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होत गेल्यामुळे, आणि फ्रीजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने होतं. फ्रीझर चालतो. खाताना वरून पाण्याचा हबका मारून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं ठेवा, कवच परत कडक होतं. मायक्रोवेव्हमध्ये आतलं पाणी वाफ होऊन कवचात शिरतं आणि पाव रबरासारखा होतो.

घरी मावा केक करायचा तर बारा कपांचं माप: मऊ, गुळगुळीत खवा १०० ग्रॅम (कलाकंदाचा दाणेदार नको), बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, चिमूट मीठ, अंडी तीन, दूध दोन-तीन मोठे चमचे. खवा किसून घ्या आणि लोण्यासोबत फेटा, मग साखर. खव्याची गुठळी इथे राहिली तर पुढे फुटत नाही. भाजल्यावर तिथे पांढरा ठिपका दिसतो. अंडी फ्रीजमधून तासभर आधी काढा आणि एकेक घाला. थंड अंड्यांनी मिश्रण फाटतं. फाटलंच तर चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं. मैदा घातल्यावर फेटणं बंद, नुसतं उलथून मिसळा, नाहीतर केक चिवट होतो. १७० अंशांना वीस ते बावीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही, मधोमध बसतो. वरचा रंग खव्यामुळे लवकर येतो, त्याला फसून कच्चा काढू नका. सुई घालून पाहा.

बिनअंड्याचा हवा तर तीन अंड्यांऐवजी १५० ग्रॅम घट्ट दही आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, दूध वगळा. केक दमट आणि जरा जड होतो, पण वेलदोडा-खव्याची चव पूर्ण येते. माझ्या मते बाजारातल्या बिनअंड्याच्या केकपेक्षा हा बरा.

कडकपाव:
एक जोडतो, कारण सध्या सगळे विचारतात. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. त्यामुळे ‘आता ब्रूनची चव गेली’ असं बरेच जण म्हणतात. भट्टीवाले, तुमचं मत?

भट्टीवाला:
धुराची चव पावाला फारशी लागत नाही. जुन्या भट्टीत आधी जाळ करून निखारे बाजूला सारतात, मग पाव आत जातो. फरक पडतो विटांनी साठवलेल्या उष्णतेने. घुमट आणि तळ दोन्हीकडून पाव एकदम तापतो, म्हणून कवच जाड होतं. भट्टी जशी उतरत जाते तसा माल बदलतो: आधी पाव आणि ब्रून, मग केक-बिस्किटं, शेवटी मंद आचेवर टोस्ट वाळतो. एकाच जाळात दिवसभराचा माल निघतो, हे बेकरीवाल्याचं गणित होतं आणि खर्चाची खरी अडचण तिथे आहे.

गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनला दगडी तळ असेल आणि सुरुवातीला वाफ सोडली तर ब्रून उत्तम होतो. पातळ पत्र्याच्या ओव्हनमध्ये गरम वारा फिरवून भाजला तर कवच पातळ आणि ठिसूळ येतं. तेव्हा इंधन कोणतं यापेक्षा तळ कशाचा आहे ते पाहा. धूर गल्लीतल्या लोकांच्या छातीत जात होता, तो थांबायलाच हवा.

सांचा:
रात्रीच्या गोडाबद्दल थोडक्यात. रविवारी दादरलाच शिवाजी पार्कजवळ प्रकाशमध्ये पियूष घ्या. श्रीखंड ताकात घुसळून जायफळ-केशर लावलेलं. ते पोटभरीचं असतं, दोघांत एक पुरे.

सोमवारी मरीन लाइन्सहून प्रिन्सेस स्ट्रीटची पारसी डेअरी (१९१६) जवळ पडते, तिथे मलई कुल्फी. किंवा चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम: आईस्क्रीमची जाड वडी दोन कुरकुरीत वेफरांमध्ये. फोटो काढत बसलात तर वेफर नरम पडतो आणि वडी मनगटावर येते. कागदासकट धरा आणि कडेने फिरवत खा.

वेळ असेल तर बोहरी मोहल्ल्यात ताज आईस्क्रीम, १८८७ पासून हाताने फिरवलेल्या सांच्याचं (सांचा म्हणजे आईस्क्रीम फिरवायचं भांडं). सांच्याभोवती बर्फात मीठ घालतात कारण मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं, नुसत्या बर्फाने दूध गोठणार नाही. हळू फिरवल्याने हवा कमी शिरते, म्हणून ते दाट आणि जड लागतं. डिसेंबरात सीताफळ संपत आलेलं असतं, तेव्हा ताजं फळ कोणतं आहे ते विचारूनच सांगा.

फिरनी मातीच्या वाटीतलीच घ्या. माती पाणी शोषते म्हणून ती घट्ट बसते. मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाला आहे. गाडी पकडायची असेल तर तिकडे संध्याकाळी जाऊ नका, रस्ता अडकतो. दुपारी उरका.

डबरा_टंबलर:
भोकं बुजल्याचं राहिलं होतं. कॉफीचं तेल आणि बारीक चूर मिळून भोकांत थर धरतो, तो साबणाने निघत नाही. वरचं भांडं पूर्ण वाळवा. मग सांडशीत धरून त्याचा भोकांचा तळ मंद आचेवर मिनिटभर फिरवा, थर जळून काळा भुगा होतो. निवल्यावर दात घासायच्या जुन्या ब्रशने खालून वर घासा आणि उजेडासमोर धरून प्रत्येक भोक दिसतंय का पाहा. गरम असताना पाण्याखाली धरू नका, पातळ स्टीलचा तळ वाकतो आणि मग पावडर कडेने खाली येते. महिन्यातून एकदा पुरे.