‘झेल्डा’मधील लिंकला ॲनिमे शैलीत नव्याने रेखाटताना काय राखावे, काय बदलावे?

दांडियाबाजारकर

नमस्कार. मी बडोद्यात राहते आणि चित्रकलेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या निन्टेन्डोच्या गेममालिकेतील नायक लिंक याचे ॲनिमे शैलीतील एक स्वतंत्र चित्र मला करायचे आहे, आणि त्यात त्याला एकोणिसाव्या शतकातील मराठी शिलेदाराचा वेश द्यावा, अशी माझी कल्पना आहे. येथील जुन्या तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे पाहताना ती सुचली. तेथील रेषेने बांधलेल्या आकृती आणि सपाट भरलेले रंग पाहून मला वाटले की हे ॲनिमेच्या रेखाटनापासून फार दूर नाही.

पहिला प्रयत्न मी गेमच्या अधिकृत चित्रांना धरून केला. तो नीटनेटका उतरला, परंतु त्यात माझे म्हणावे असे काहीच नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात चक्री पगडी, पांढरा अंगरखा आणि वाकडी तलवार दिली. ते चित्र मला मनापासून आवडले, पण याच मालिकेतील १९९८चा गेम ‘ऑकरिना ऑफ टाइम’ दोनदा पूर्ण केलेल्या माझ्या धाकट्या भावाने ते पाहून “हा कोण?” असे विचारले. पात्राची ओळख नेमकी कशात असते, आणि किती बदल केल्यावर ती हरवते? तसेच अशा चित्राच्या छापील प्रती विकता येतात का, हेही जाणून घ्यायचे आहे.

जुना फळा

नमस्कार. मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली आहे. लिंकशी माझी ओळख नातवंडांमुळे झाली, तरी आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला.

टोपी, लांब कान आणि हिरवा रंग ही लिंकची चिन्हे कोठून आली, ते आधी पाहावे. १९८६ साली पहिला गेम निघाला, तेव्हा त्या काळच्या गेमयंत्रावर लिंकला सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच एवढीच जागा होती, आणि त्या आकृतीत तीनच रंग वापरता येत होते. एवढ्याशा जागेत माणूस चटकन ओळखू यावा, म्हणून लांब टोपी आणि लांब कान आले. म्हणजे ही चिन्हे मुळातच छायाकृतीसाठी, नुसत्या बाह्याकारावरून ओळख पटावी म्हणून, घडवलेली आहेत. पुढे २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये टोपी गेली आणि अंगात निळा सदरा आला, तरीही टोकदार कान, पिंगट केस आणि पाठीवरची ढाल-तलवार यांमुळे लिंक ओळखू येतोच. एखादे चिन्ह वगळले तर उरलेल्यांनी भार उचलावा लागतो. आपण टोपी, रंग आणि सरळ तलवार ही तिन्ही एकाच वेळी वगळलीत, आणि पगडीखाली बहुधा कानही झाकले गेले असावेत. मग भावाने ओळखायचे तरी कशावरून?

आपल्या मूर्तिशास्त्रात या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झालेला आहे. विष्णूच्या चोवीस मूर्तींमध्ये आयुधे तीच असतात, शंख, चक्र, गदा आणि पद्म. कोणत्या हातात कोणते आयुध आहे, एवढ्यावरून केशव, नारायण की माधव हे ठरते. वस्त्रे, अलंकार आणि चेहऱ्याची ठेवण मात्र मूर्तिकाराच्या प्रदेशाप्रमाणे बदलत गेली. लिंकच्या बाबतीतही हाताला महत्त्व आहे. जुन्या गेममध्ये तो डावखुरा आहे. २००६च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’च्या वी यंत्रावरील आवृत्तीत त्याला उजवखुरा करण्यासाठी संपूर्ण जगच आरशात पाहावे तसे उलटवले गेले. आपल्या भावाचा लिंक डावखुरा आहे, तेव्हा तलवार डाव्या हातातच द्यावी.

आता टोपीविषयी. चक्री पगडी डोक्याभोवती घट्ट बसते आणि तिला मागे ओघळणारे टोक नसते, म्हणून लिंकची आकृती तिच्यात बुडून गेली. त्याऐवजी हिरवा फेटा बांधावा आणि त्याचा शेमला, म्हणजे मागचे टोक, पाठीवर मोकळा सोडावा. लांब टोपीचे टोक जेथे पडते, तेथेच शेमला पडेल; छायाकृती लिंकची राहील आणि वस्तू मात्र पूर्णपणे आपली असेल. फेटा कानांच्या वर बांधला की कान मोकळे राहतील. तलवारीसाठी सरळ पात्याची धोप घ्यावी. लक्ष्मी विलास राजवाड्यातील शस्त्रे एकदा वही घेऊन पाहून यावीत, कारण छायाचित्रावरून मुठीचा आकार हातात बसत नाही.

ढालीविषयी एक विनंती आहे. गेममधील तीन त्रिकोणांच्या चिन्हाची आठवण म्हणून ढालीवर तीन उंचवटे काढण्याचा मोह होईल, तो टाळावा. आपल्याकडील गोल ढालीवर बहुधा चार उंचवटे असतात, कारण मागचे हाताचे पट्टे ज्या खिळ्यांनी जोडलेले असतात, त्यांची डोकी ते झाकतात. वस्तूचे काम समजून घेतले की चित्रात तिला वजन येते.

कोरा कॅनव्हास

फळासाहेबांनी शेमल्याचे सुचवले, त्यासाठी त्यांचे मनापासून आभार. मी ॲनिमेशनमध्ये काम करतो, म्हणून शैलीपुरते लिहितो.

भित्तिचित्र आणि ॲनिमे यांतील साम्य खरे आहे, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. जुन्या ॲनिमेत पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावाच्या एका बाजूला रेषा आणि मागच्या बाजूला सपाट रंग असे. तीच आकृती शेकडो वेळा काढावी लागत असल्यामुळे चेहऱ्यावरील रेषा मोजक्या ठेवल्या जात आणि सावली स्पष्ट कडेची, एकाच टप्प्याची असे. आपण एकच चित्र करीत आहात, त्यामुळे कापडात हवा तेवढा तपशील भरता येईल. चेहरा मात्र मोजक्या रेषांतच ठेवावा. वरची पापणी जाड, नाक जवळजवळ एका टिंबावर आणि डोळ्यातील चमक प्रकाशाच्या दिशेनेच असावी. फेट्याच्या प्रत्येक पिळाची रेषा काढलीत तर नजर डोक्यावरच अडकून राहील, म्हणून तीन-चार मोठे पीळ निवडून बाकीचे सावलीच्या लेअरवर सुचवावेत.

रंग भरण्यापूर्वी अंगठ्याएवढी दहा-बारा कच्ची रेखाटने करून ती काळ्या रंगाने भरावीत आणि भावाला दाखवावीत. चुका दिसाव्यात म्हणून संगणकावरील कॅनव्हास आडवा उलटवून, म्हणजे डावे-उजवे पालटून, पाहण्याची सवय चांगली आहे, पण नंतर तो पुन्हा सरळ करण्यास विसरू नये.

नियमवाचक

विक्रीपुरते सांगतो. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार कलाकृतीचे रूपांतर करण्याचा आणि तिच्या प्रती काढण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. खासगी वापर आणि अभ्यास यांना त्यात मोकळीक आहे, परंतु परवानगीशिवाय प्रती विकणे त्यात बसेल असे गृहीत धरू नये. वेश बदलल्याने पात्र आपले होत नाही. विकण्यासाठी पौराणिक विषय घेता येईल. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले आणि भारतात प्रताधिकाराची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची असल्यामुळे, सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी केलेल्या चित्रांवरून नवे चित्र करण्यास कोणाची आडकाठी नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांची मी ऋणी आहे. रविवारी राजवाड्यात जाऊन धोपेच्या मुठीची सहा रेखाटने केली आणि घरी येऊन बारा छायाकृती काळ्या भरल्या. शेमला लांब सोडलेल्या आठही आकृतींत भावाने लिंकला लगेच ओळखले. उरलेल्या चारांत मी शेमला आखूड ठेवला होता आणि तेथे तो थबकला. सर्वांत चांगल्या आकृतीवर बोट ठेवून मात्र त्याने विचारले, “याच्या उजव्या हातात तलवार का आहे?” कॅनव्हास उलटवून पाहिल्यावर मी तो सरळ करण्यास विसरले होते.

प्रती विकण्याचा विचार सोडला आहे. चित्र अंगरख्याच्या रंगापर्यंत आले आहे. हिरवा फेट्याला दिल्यामुळे अंगरखा फिकट पिवळा ठेवत आहे. पूर्ण झाले की येथेच दाखवीन.