कपाटाच्या हिंजसाठी ३५ एमएमचं भोक, कुठलं बिट घेऊ?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी, घरच्या कपाटाची शटर यावेळी स्वतःच बसवायची ठरवलंय. १८ एमएम प्लाय, दोन्ही बाजूंनी सनमायका. ऑटो हिंजला ३५ एमएमचं भोक लागतं, बोहरी आळीत एका दुकानात फ्लॅट बिट (चपट्या पात्याचं) दाखवलं, शेजारच्याने फोर्स्टनर (गोल कडेचं बिट) काढलं आणि किमतीत बराच फरक. शिवाय जुन्या सागवानी टेबलाला वायरी खाली सोडायला ६० एमएमचं भोक पाडायचंय. मशीन साधं १३ एमएमचं इम्पॅक्ट ड्रिल, २८०० आरपीएम. एका बिटात दोन्ही कामं होतील का?

रंधा:
नाही होणार, आणि हिंजला फ्लॅट बिट तर अजिबात नको. त्याचं मधलं टोक हातात धरून बघा, सेंटीमीटरभर तरी पुढे आलेलं असतं. हिंजच्या गोल वाटीला, म्हणजे कपाला, भोक साधारण १२ एमएम खोल लागतं, म्हणजे तेवढं खोल जाईपर्यंत टोक शटरच्या पुढच्या सनमायकातून बाहेर! फोर्स्टनरचं टोक जेमतेम २-३ एमएम असतं आणि तळ सपाट निघतो, कप नीट बसतो. कार्बाइडचंच घ्या, प्लायमधला गोंद साध्या स्टीलची धार लवकर खातो. खोलीसाठी रिंगवालं मिळालं तर उत्तम, खोली आपोआप थांबते. कडेपासून ५ एमएम सोडायचं असेल तर सेंटर २२.५ वर येतो, तिथे खिळ्याने टोचून घ्या म्हणजे सनमायकावर बिट घसरणार नाही.

सुतारपक्षी:
६० ला होल सॉ घ्या, तो फक्त कडेची गोल चीर कापतो, मधली चकती आख्खी निघते, त्यामुळे मशीनवर लोड कमी. पण वरून सरळ आरपार नका जाऊ! मधलं पायलट (होल सॉच्या मध्यावरचं बारीक बिट) खालून डोकावलं की थांबा, टेबल उलटं करून त्याच भोकातून दुसऱ्या बाजूने कापा, नाहीतर खालच्या अंगाला ढलप्या उडतात. उलटं करणं शक्यच नसेल तर खाली टाकाऊ फळी क्लॅम्पने घट्ट आवळा.

कोथरूडकर:
धन्यवाद दोघांनाही. फोर्स्टनर आणलं, टाकाऊ प्लायवर मारून बघितलं पण धूर येतोय आणि भोकाची कड काळी पडतीये. बिट खराब निघालं का?

रंधा:
बिट नवीन आहे ना, मग बहुतेक स्पीड. २८०० आरपीएमला १० एमएम बिटची कड जितक्या वेगाने फिरते त्याच्या साडेतीन पट वेगाने ३५ ची फिरते, मग कापण्यापेक्षा घासलंच जास्त जातं. ५००-६०० च्या आसपास आणा, मशीनला स्पीडचा डायल नसेल तर बॅटरीवालं ड्रिल पहिल्या गिअरवर वापरा. हॅमर मोड बंद आहे ना ते एकदा बघा. आणि सारखं दाबून धरू नका, थोडं कापलं की वर उचला, भुसा बाहेर येऊ द्या. पातळ सोलल्यासारख्या ढलप्या निघाल्या की समजा बरोबर चाललंय, बारीक पीठ निघत असेल तर धार गेली किंवा स्पीड जास्त आहे.

सुतारपक्षी:
सागवानाला होल सॉ लावताना साइड हँडल बसवूनच घ्या दादा, दात अडकला की मशीन मनगटाला जबर झटका देतं. आणि टेबल भिंतीला टेकवून नाही, नीट क्लॅम्प करून.