मिराजचे पंख 4 मिमी तोकडे: किट कापायचं की तसंच जोडायचं?

मोरारकर:
एका कंपनीचं मिराज 2000 या लढाऊ विमानाचं 1/72 चं (खऱ्याच्या 72 पट लहान) प्लास्टिक मॉडेलचं किट परवा उघडलं. डब्यावर आपली वायुसेना, डिकलही (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) आपलेच. कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला तर पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 123 मिमी! खऱ्या विमानाचा पंखविस्तार 9.13 मीटर, 72 ने भागले की 126.8 मिमी यायला हवेत. ही तूट खऱ्या विमानावर 27 सेंटिमीटरची होते. शिवाय हवेत इंधन घ्यायची नळी, जी काचेच्या पुढे उजवीकडे असते, ती किटमध्ये नाहीच.

महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उडालेलं मिराज 1985 पासून आमच्या ग्वाल्हेरवरून जातंय. आवाज आला की आई अजूनही हातातलं काम थांबवून वर बघते. तिला मी तोकड्या पंखांचं विमान कसं दाखवू? पंख मुळाशी, म्हणजे धडाला जोडतो तिथे, कापून दोन्हीकडे 1.9 मिमी प्लास्टिक शीट भरणार, नळी इंजेक्शनच्या सुईची करणार.

चिमटा:
कापू नका हो. नळी जरूर करा, तिच्याशिवाय ते आपलं वाटत नाही. पण पंख डेल्टा, म्हणजे त्रिकोणी आहे, पुढची कड 58 अंश मागे गेलेली. मुळाशी 1.9 मिमी वाढवलंत तर ती कड तिथे सुमारे 3 मिमी पुढे न्यावी लागेल, आणि तिथे इनटेक (इंजिनात हवा घेणारं तोंड) बसलाय. तो हलवला की त्याच्या मागचं सगळं हललं. माझं मिग-21 असंच कापलेलं सहा वर्षं डब्यात पडून आहे. आईंना विमान बघायचंय, कॅलिपर नाही.

मोरारकर:
आईला आकडा कळणार नाही, पण मला कळलाय ना! ज्या मिराजनी 24 जून 1999 ला टायगर हिलवर लेसर-गायडेड बॉम्ब टाकले, त्यांचं मॉडेल मी ‘चालतंय’ म्हणून करणार नाही.

फलका बाजार:
तूट नक्की कुठे आहे ते आधी बघा. पंखाचा खात्रीचा आराखडा 1/72 ला छापून घ्या आणि किटचा पंख त्यावर मूळ जुळवून ठेवा. पंख टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे टोक आधीच छाटलं गेलं असेल तर तिथली रुंदी साधारण 3 मिमी जास्त भरेल. तसं असेल तर मुळाला हातच लावायचा नाही.

मोरारकर:
आत्ताच ठेवून बघितलं. मूळ तंतोतंत, टोकच रुंद! म्हणजे इनटेक वाचला. टोकाला शीट चिकटवून दोन्ही कडा त्याच रेषेत पुढे न्यायच्या.

चिमटा:
मान्य, हे मुळापेक्षा सोपं आहे. तरी मी करणार नाही. टोक पातळ असतं, पॉलिश पेपर मारताना जोड निखळतो, आणि एक पंख अर्धा मिमी कमी झाला की दुसरा घासत बसायचं. करणारच असाल तर प्रत्येक टोकात बारीक तारेचे दोन तुकडे रोवा. पुट्टीऐवजी सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर कालवा. लवकर वाळते आणि घासलीही छान जाते. पण तासाभरात घासून घ्या, नंतर ती प्लास्टिकपेक्षा कडक होते.

मोरारकर:
तारा रोवतो. प्राइमर मारल्यावर जोड दिसला तर पुन्हा घासेन, चार वेळा लागलं तरी.

चिमटा:
आणि नळी आधी करा. पंख अडकला तरी ती झालेली असेल.