पुढे पाठवण्याआधीची दहा मिनिटं

'गावातल्या छोट्या रुग्णालयात शेवटी पुढेच पाठवतात, मग ते हवंच कशाला?' असं बरेच जण विचारतात. मला हे अजिबात पटत नाही. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पहिल्या 10 मिनिटांत निघायला हवा, आणि ते काम छोटं रुग्णालयही करू शकतं. त्यात मोठा हार्ट अटॅक दिसला आणि अँजिओप्लास्टी (गुठळीने बंद झालेली हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) 120 मिनिटांत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला हलवतात. हृदयाचे जे स्नायू वाचतात ते त्या इंजेक्शनमुळे, अँब्युलन्सच्या वेगामुळे नव्हे.

बाळंतपणातही तेच. रक्तस्राव थांबत नसेल तेव्हा एक सिस्टर हाताने पोटावरून गर्भाशय चोळत असते आणि दुसरी गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं ऑक्सिटोसिन सिरिंजमध्ये भरत असते. ते औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज बंद पडला की औषधावर भरवसा राहत नाही. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड बाळंतपणानंतर 3 तासांच्या आत द्यायचं असतं. बरेचदा तेवढा वेळ नुसत्या प्रवासात जातो.

शस्त्रक्रिया, आयसीयू वगैरे मोठ्या ठिकाणीच होऊ देत. पण विचारायचंच तर हे विचारा: रात्री दोन वाजता ईसीजी काढणारं कोणी हजर असतं का? फ्रिजच्या तापमानाची नोंद रोज होते का?