दंडाचा घेर ३९ सेंमी, बीपी दर वेळी जास्तच येतंय

प्रश्न (नेरूळ, बीएस्सी नर्सिंग, दुसरं वर्ष): मेडिसिन वॉर्डात १२५ किलोचे काका आहेत. बीपी मोजताना दंडाला बांधायच्या नेहमीच्या पट्ट्याने (कफने) बीपी चढंच दिसतं. कफचा दोष की खरंच बीपी? आणि त्यांची कूस बदलायला किती जण लागतात?

उत्तर १: आधी कफ बदला. आतली रबरी पिशवी लांबीला दंडाच्या घेराच्या ८०% आणि रुंदीला ४०% हवी. नेहमीचा कफ २७ ते ३४ सेंमीपर्यंतच. ३९ ला ‘लार्ज’ लागतो. लहान कफने आकडा खोटा वाढतो आणि उगाच गोळी वाढते. दंड निमुळता असून कफ घसरत असेल, तर कोपराखाली बांधा, हात हृदयाच्या पातळीत ठेवा. चार्टवर जागा लिहा, नाहीतर पुढच्या शिफ्टला तो आकडा दंडाचाच वाटेल.

उत्तर २: माणसं मोजण्याआधी पलंगाची वजनमर्यादा वाचा. मग स्लाइड शीट (पेशंटला सरकवायचं गुळगुळीत कापड), दोन्हीकडे दोघं-दोघं. काकांनाही रेलिंग धरायला सांगा, बरीच ताकद तिथूनच मिळते. साधी चादर ओढली की माकडहाडावरची कातडी सोलते. पलंग सपाट करायचा तो तेवढ्यापुरताच. पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येऊन सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) उतरतं. नंतर डोकं ३० अंश वर.

उत्तर ३: पोटाखालच्या घड्या रोज उचलून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत त्या तासाभरात ओल्या होतात. टिपून कोरड्या करा, टाल्कम नको, त्याचे गोळे कातडी घासतात. लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी समजून डॉक्टरांना सांगा. कॅथेटरची (लघवीची) नळीही घडीत दबते, तीही पाहा.

प्रश्नकर्ती: लार्ज कफ आयसीयूत मिळाला. आभार!